‘वेंड’ : जाणे की वळणे? एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविचार

पदवी वर्गाच्या इंग्रजी कवितांवर जी मार्गदर्शके आणि टिपणे आपल्या महाविद्यालयांतून हाताळली जातात, त्यांत ‘वेंड’ या क्रियापदासमोर बहुधा एकच शब्द छापलेला आढळतो : ‘जाणे’. उर्दू शब्दार्थ देणाऱ्या टिपणांत त्याच जागी ‘जाना’ असते. हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि जे निसटले आहे तो या शब्दाचा गाभाच आहे. ‘वेंड’चा मूळ अर्थ जाणे नसून वळणे, वळवणे हा आहे. हा वळणाचा अंश काढून घेतला तर त्या शब्दाचे समुद्रावरील जीवन समजत नाही, कवितेतील त्याचे स्थान समजत नाही, आणि इंग्रजी व्याकरणातील एक रोजचे कोडेही सुटत नाही. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचे रूप ‘वेंडन’ असे होते. ‘वाइंड’, म्हणजे वळसे घेणे किंवा गुंडाळणे, या क्रियापदाचे ते प्रयोजक रूप होय. आपल्याकडे ‘वळणे’ आणि ‘वळवणे’ यांचे जे नाते, तेच येथे आहे. माणूस स्वतःला एखाद्या दिशेकडे वळवतो, या प्रयोगातून पुढे ‘त्या दिशेने निघणे’ हा अर्थ आला. तात्पर्य, ‘जाणे’ हा अर्थ नंतरचा असून तोही दिशा बदलून निघण्याचा आहे.

याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ भाषेच्या अध्यापकाला विशेष जवळचा वाटावा. नवव्या शतकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने पोप ग्रेगरीचा एक लॅटिन ग्रंथ आपल्या लोकांच्या भाषेत आणला. त्याच्या प्रस्तावनेत भाषांतर करण्यासाठी त्याने हेच क्रियापद योजले आहे. ग्रंथ एका भाषेतून दुसऱ्या भाषेकडे ‘वळवणे’ म्हणजे भाषांतर. उर्दू-हिंदीत भाषांतरासाठी ‘उल्था’ हा जुना शब्द आहे, आणि त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आपल्या स्वयंपाकघरातले भाकरी उलटण्याचे उलथणे याच कुळातले. त्याच काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारे विद्वान आपल्या कामाला ‘नक़्ल’ म्हणत. एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणे, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत येईपर्यंत त्याची ‘नक्कल’ झाली. आपल्या मार्गदर्शकांतील शब्दार्थ पाहताना हा अर्थबदल आठवल्यावाचून राहत नाही.

आता समुद्राकडे वळू. शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर चालू शकत नाही. चौकोनी शिडांची युरोपीय जहाजे वाऱ्याच्या रेषेपासून साधारणपणे सहा होकांश, म्हणजे सुमारे 67 अंश, बाजूला राहूनच पुढे सरकत. जेथून वारा येतो तिकडेच जायचे असेल तर नागमोडी वाट घ्यावी लागे. काही अंतर एका बाजूने कापायचे, मग जहाजाचे तोंड वाऱ्यातून फिरवून दुसरी बाजू वाऱ्याला द्यायची. जहाज असे फिरवण्याला जुन्या इंग्रजी नाविकांच्या भाषेत ‘वेंड’ म्हणत. आज तेथे ‘टॅक’ हा शब्द चालतो. जर्मन भाषेत मात्र शिडाची होडी या रीतीने फिरवण्याला अजूनही ‘वेंडे’ असेच म्हणतात. 1989-90 मध्ये पूर्व जर्मनीत जी राजकीय उलथापालथ झाली तिलाही जर्मन लोक ‘वेंडे’ म्हणतात. ‘इन्क़िलाब’ या शब्दाच्या मुळाशीही ‘उलटणे’ हीच क्रिया आहे, हे उर्दूच्या अध्यापकाला वेगळे सांगावयास नको.

फिरवण्याच्या क्षणी जहाजाचा वेग मोडतो, शिडे फडफडतात, आणि खलाशांचा मेळ चुकला तर जहाज वाऱ्याच्या तोंडाशी अडकून पडते. म्हणजे हे वळण आपोआप घडत नाही, ते जाणीवपूर्वक घ्यावे लागते. तेथे ‘जाणे’ हा अर्थ लावला तर काहीच हाती लागत नाही.

कवितेतही तेच. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या उपोद्घातात यात्रेकरूंच्या निघण्यासाठी हे क्रियापद येते. नेहमीचा व्यवहार सोडून पवित्र स्थळाकडे तोंड वळवणे असा तो प्रसंग आहे. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस वृद्ध व्यापारी इजिअन याच्या तोंडी ते आहे. जहाज फुटून त्याच्या कुटुंबाची ताटातूट झाली आहे, आणि दिवस मावळेपर्यंत दंडाची रक्कम उभी न राहिल्यास त्याला देहदंड ठरलेला आहे. तो रंगमंचावरून नुसता ‘जात’ नाही. आशा नसताना पाय वळवतो. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये रानात वाट चुकलेले प्रेमिक अथेन्सकडे परततील असे सांगताना पुन्हा हाच शब्द येतो. ग्रेच्या 1751 च्या सुप्रसिद्ध विलापिकेत गुरांच्या कळपासाठी त्याचे भावंड ‘वाइंड’ योजलेले आहे. या प्रत्येक ठिकाणी वळण आहे आणि प्रत्येक ठिकाणी आपली टिपणे सरळ रेषा काढतात.

तिसरा मुद्दा व्याकरणाचा. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का, हा प्रश्न विद्यार्थी शाळेतच विचारतो आणि ‘अपवाद आहे, पाठ करा’ हे उत्तर घेऊन गप्प बसतो. वास्तविक ‘वेंट’ हा ‘वेंड’चाच भूतकाळ होय. ‘सेंड’चा ‘सेंट’ आणि ‘बेंड’चा ‘बेंट’ होतो, तसाच. ‘गो’चा जुना भूतकाळ वेगळा होता. तो मागे पडला आणि सुमारे 1500 पासून ‘वेंट’ त्या जागी स्थिरावला. मग ‘वेंड’ला ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ घ्यावा लागला. हा प्रकार परका नाही. मराठीत ‘जातो’ हे रूप संस्कृत ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’चे. उर्दूतील ‘जाता’ आणि ‘गया’ यांचीही तीच जोडी. घरी उर्दू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडात हे उदाहरण तयारच असते. ते दाखवून दिले तर इंग्रजी ही लहरी भाषा आहे हा त्यांचा ग्रह बराचसा दूर होईल.

यावर एक आक्षेप संभवतो. परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याला एका शब्दाचा अर्थ पुरे, एवढा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे, कारण तासिका मोजक्या असतात. परंतु शब्दार्थाची जबाबदारी किती मोठी असते हे पाहायचे तर थॉमस रोबक याने 1811 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोशाकडे पाहावे. इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशी काम करीत. पुढील काळात त्यांत कोकणातील मुसलमानही पुष्कळ होते. अधिकाऱ्याचा हुकूम त्यांना त्यांच्या बोलीत नेमका पोचावा म्हणून हा कोश झाला. जहाज वळवण्याच्या हुकमाला तेथे ‘जाणे’ म्हणून चालले नसते, शिडे आणि माणसे दोन्ही धोक्यात आली असती. वर्गात कोणी बुडत नाही, म्हणून आपण सैल अर्थ खपवून घेतो, इतकेच.

तेव्हा सूचना साधी आहे. टिपणात ‘वेंड : (एखाद्या दिशेकडे) वळून निघणे, वाट धरणे, जहाज फिरवणे, उर्दू : रुख़ करना’ एवढे लिहावे. एक ओळ वाढेल. उर्दूतील ‘रुख़ करना’ तर मूळ शब्दाच्या इतके जवळ आहे की, निदान या एका ठिकाणी, इंग्रजी कवितेचा अर्थ आपल्या विद्यार्थ्याला घरच्या भाषेतूनच अधिक नेमका कळू शकेल. ती संधी एका ‘जाणे’साठी दवडू नये.