प्रौढांसाठी सोपी गोष्ट

वाचनात कच्च्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हाती बहुधा मुलांचे पुस्तक ठेवले जाते. आम्हांस हा त्याचा अपमान वाटतो. आयर्लंडमध्ये १९९८ साली निघालेल्या ‘ओपन डोअर’ मालेने तो टाळला. तीत बुकर पारितोषिक मिळविलेल्या रॉडी डॉइल यांची ‘नॉट जस्ट फॉर ख्रिसमस’ (१९९९) ही छोटी कथा आहे. वीस वर्षांहून अधिक काळ न भेटलेल्या भावास एकजण भेटावयास निघतो आणि त्याला दोघांचे बालपण आठवत जाते. वाक्ये आखूड, शब्द रोजचे. पण भावाभावांतला दुरावा मोठ्यांनाच उमगावा असा. इस्राएलात वाढलेली आपली कित्येक मुले, आता स्वतः आईबाप झालेली, मराठी बोलतात. वाचताना मात्र अडखळतात. त्यांच्यासाठी अशी मराठी गोष्ट आपल्यापैकी कोणी लिहील काय?