एका उतरणीचे नाव

सुरतेच्या इंग्रज वखारीत सणासुदीच्या पंगतीला युरोपी मद्याबरोबर इराणी मद्यही असे, ही गोष्ट जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवली आहे. इराणी मद्य म्हटले की त्या काळी शिराझ शहराचे नाव आधी निघे. तेच नाव आज नाशिकच्या बाटल्यांवर दिसते, आणि ती द्राक्षे व ही द्राक्षे एकाच कुळातील असावीत अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. या काळ्या द्राक्षाचे फ्रान्समधील नाव सिरा. कॅलिफोर्निया व माँपेलिये येथील संशोधकांनी १९९८ च्या सुमारास त्याची वंशपरीक्षा केली, तेव्हा डुरेझा व माँद्यूझ ब्लाँश हे त्याचे जनक ठरले. दोन्ही वाण आग्नेय फ्रान्सचे. इराणचे नाते निव्वळ दंतकथेचे.

देवळाच्या ओसरीवर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात मद्याची समीक्षा कशाला, असे काही वाचक विचारतील. मद्यपानाची वकिली करण्याचा माझा मानस नाही. प्रश्न नावाच्या खरेपणाचा आहे, आणि तो आम्हा वकिलांच्या रोजच्या तंट्यांतला.

सिराचे खरे घर ऱ्होन नदीकाठी. तेथील आंपुई गावामागे कोत-रोती, म्हणजे ‘भाजलेली उतरण’, उभी आहे. काही ठिकाणी शंभर फूट आडवे अंतर कापताना साठ फूट चढावे लागते. माती वाहून जाऊ नये म्हणून दगडावर दगड रचून बांध घातलेले. कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो तोच. चुना नाही, गारा नाही. गडगा ढासळला की हातांनी रचायचा, खाली घसरलेली माती पुन्हा वर चढवायची. बहुतेक ठिकाणी यंत्राला तेथे पाय ठेवायला जागा नाही. वेल खुंटांना बांधलेले असतात. अशा उतरणीवरील ला लांदोन या एकाच जागेच्या द्राक्षांचे मद्य गिगाल या पेढीने १९७८ च्या हंगामापासून वेगळे काढले. ते निखळ सिराचे.

परदेशी एका स्नेह्याकडे ते मी चाखले आहे. पहिल्या घोटाबरोबर आठवली ती काळी मिरी, आणि हा नुसता कविकल्पनेचा भाग नव्हे. मिरीचा तिखट वास ज्या द्रव्यामुळे येतो, तेच रोटनडोन सिराच्या सालीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. द्राक्ष थंड हवेत सावकाश पिकले तर ते अधिक राहते. कोत-रोतीचे मर्म येथे आहे. हवा थंड, वारा उत्तरेचा. तिरप्या उतरणीला ऊन सरळ भिडते म्हणूनच फळ पिकते, परंतु सावकाश. मिरीमागून लोखंडाच्या तव्यासारखी एक करडी चव येते, जिभेवर तुरटपणा रेंगाळतो. गोडवा शोधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

तथापि हे मद्य नव्या ओकच्या पिंपांत सुमारे बेचाळीस महिने मुरवतात. साडेतीन वर्षे नव्या लाकडाच्या सहवासात काढलेल्या साक्षीदाराची जबानी कितपत स्वतंत्र मानावी? मला त्या मद्यात व्हॅनिला व धूर यांचा आवाज जागेच्या आवाजावर चढलेला वाटला. जागेचे नाव मिरवायचे तर जागेला बोलू द्यावे.

एक भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच पेढीची ‘ला मुलीन’ व ‘ला तुर्क’ ही नावे व्यापारी चिन्हे आहेत, म्हणजे मालकाची मिळकत. ला लांदोन हे दप्तरी नोंदलेले जमिनीचे नाव आहे, आपल्या सातबाऱ्यासारखे. म्हणून रोस्तां यांच्यासारखे शेजारीही ते हक्काने लावतात. माझ्या मते दुसरे नाव अधिक सच्चे, कारण त्यावर कोणाचीही मक्तेदारी नाही आणि ज्याची जमीन तेथे नाही त्याला ते लावता येत नाही.

नाशिकचा गड्यांनो, प्रश्न येथे सुरू होतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असा उफराटा क्रम. फळ पिकते ते वाढत्या उन्हात, म्हणून येथल्या शिराझमध्ये पिकल्या जांभळाचा भर अधिक, मिरी पाठीमागे. हे वैगुण्य नव्हे. तो त्या मातीचा स्वभाव आहे. सुलाच्या ‘दिंडोरी रिझर्व शिराझ’ या नावातला मला पटणारा शब्द म्हणूनच पहिला. पण दिंडोरी हा अख्खा तालुका आहे. १९९९ च्या भौगोलिक चिन्हांच्या कायद्याने सुरतेच्या जरीला जसे, तसेच ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही संरक्षण मिळाले, तेही खोऱ्याचे. एखाद्या टेकाडाचे, एखाद्या गटाचे नाव ठळक लावून त्याच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी घेणारी बाटली अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. उसन्या शिराझपेक्षा ते नाव मला अधिक मोलाचे वाटेल.

तशी बाटली निघाली तर सुरतेत ती उघडता येणार नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांना मुंबई प्रांताकडून वारशाने मिळाला. महाराष्ट्राने तो सैल केला, गुजरातने परवान्यांचे अपवाद ठेवून घट्ट धरला. मला सापुताऱ्याच्या घाटाने वणीवरून दिंडोरीला जावे लागेल. सप्तशृंगीच्या दर्शनाला जाणाऱ्या सुरतकरांना ती वाट चांगली ठाऊक आहे. द्राक्षांचे मांडव तिच्या दोन्ही बाजूंना लागतात.