दृश्य एका आवृत्तीचे, ध्वनी दुसऱ्या आवृत्तीचा : चित्रपटाच्या संयुक्त पाठाची चिकित्सा

प्रस्तावना

चित्रपटाच्या अभ्यासात ‘मूळ चित्रपट’ हा शब्दप्रयोग फार सहजपणे केला जातो. प्रत्यक्षात वर्गात जे दाखवले जाते आणि ज्याच्या आधारे निबंध-प्रबंध लिहिले जातात, ती बहुतेक वेळा त्या चित्रपटाची एखादी डीव्हीडी आवृत्ती असते. डीव्हीडी हे माध्यम १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. त्यानंतर एकेका गाजलेल्या चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. एका आवृत्तीत चित्र स्वच्छ, पण ध्वनी नव्याने घडवलेला. दुसरीत ध्वनी जुना, पण चित्र पुसट. असा अनुभव अभ्यासकांना वारंवार येऊ लागला. त्यातूनच एका आवृत्तीचे चित्र आणि दुसऱ्या आवृत्तीचा ध्वनी एकत्र करून तिसरी, संयुक्त प्रत तयार करण्याची प्रथा रूढ झाली.

या प्रथेकडे सामान्यतः हौशी मंडळींचा तांत्रिक खटाटोप म्हणून पाहिले जाते. परंतु दोन प्रतींतील पाठ पारखून तिसरा पाठ सिद्ध करणे हे काम साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पाठचिकित्सेचे शास्त्र त्यावरच उभे आहे. म्हणून या संयुक्त प्रतींना पाठचिकित्सेचेच निकष लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुळणीचे गणित

चित्र आणि ध्वनी यांची जुळणी वरवर वाटते तितकी सोपी नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चित्रित होतो. भारत आणि युरोपातील बहुतेक देशांत प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फ्रेम या गतीने चालवला जातो. अमेरिका व जपान येथील एनटीएससी पद्धतीत मूळ गती किंचित कमी करून २३.९७६ केली जाते आणि काही अर्धफ्रेम पुन्हा दाखवून दूरदर्शन संचाच्या गतीशी मेळ घातला जातो. परिणामी १२० मिनिटांचा चित्रपट पाल आवृत्तीत ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, तर एनटीएससी आवृत्तीत त्याला १२० मिनिटांहून सुमारे ७ सेकंद अधिक लागतात. दोहोंतील अंतर जवळजवळ ५ मिनिटांचे आहे. एकीचा ध्वनी दुसरीच्या चित्राला तसाच जोडला, तर पहिल्या मिनिटातच ओठांची हालचाल आणि शब्द यांची फारकत होते.

मग असा खटाटोप करण्याचे कारण काय? पाल आवृत्तीच्या चित्रात ५७६ आडव्या रेषा असतात, एनटीएससी आवृत्तीत ४८०. म्हणजे चित्राचा तपशील पहिलीत अधिक. मात्र गती वाढल्यामुळे, वेगळी दुरुस्ती केली नसल्यास, पाल आवृत्तीचा ध्वनी चढा होतो. हा चढ २५/२४ या प्रमाणात असतो. भारतीय संगीताच्या आधुनिक श्रुतिविचारात हेच गुणोत्तर श्रुत्यंतरांपैकी एक म्हणून मांडले जाते. तेव्हा हा फरक नगण्य म्हणता येत नाही. नटाच्या आवाजाचा पोत आणि पार्श्वसंगीताची पट्टी, दोन्ही बदलतात.

संयोग करणाऱ्यास म्हणूनच ध्वनी ताणावा वा आक्रसावा लागतो. डीव्हीडीवरील ध्वनी बहुधा संक्षेपित स्वरूपात असल्याने तो प्रथम उलगडावा लागतो आणि ताणल्यानंतर पुन्हा संक्षेपित केला, तर गुणवत्ता थोडी घटते. शिवाय दोन आवृत्त्या वेगवेगळ्या प्रतींवरून तयार झालेल्या असतील, तर एकीत रिळाच्या टोकाशी काही फ्रेम गळालेल्या असतात. तेथे गतीचा हिशेब अचूक असूनही जुळणी तुटते आणि ध्वनीत तुकडा घालावा किंवा कापावा लागतो. असा प्रत्येक जोड हा संपादकाचा निर्णय असतो. नेमका हाच निर्णय प्रेक्षकापासून लपून राहतो.

‘स्टार वॉर्स’ : मूळ कोणते?

या प्रथेला सर्वाधिक चालना मिळाली ती ‘स्टार वॉर्स’मुळे. १९७७ च्या या चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९८९ मध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, निवड झाली. त्याआधी १९८८ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना चित्रपटांत मागाहून फेरफार करण्यास विरोध केला होता. पुढे १९९७ मध्ये त्यांनीच या चित्रत्रयीची बदललेली आवृत्ती प्रदर्शित केली आणि २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल केले.

हे बदल केवळ दृश्यापुरते नव्हते. त्रयीतील दुसऱ्या चित्रपटात बोबा फेट या शिरस्त्राणधारी पात्राला जेसन विनग्रीन यांचा आवाज होता. २००४ मध्ये तो काढून टेम्युएरा मॉरिसन यांचा आवाज घालण्यात आला, कारण २००२ च्या चित्रपटात त्यांनी या पात्राच्या पित्याची भूमिका केली होती. पात्राचा चेहराच दिसत नसल्याने ओठांच्या जुळणीचा प्रश्न उद्भवला नाही. केवळ ध्वनी बदलून अभिनय बदलता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

२००६ मध्ये पूर्वीच्या आवृत्त्या पूरक तबकडीच्या रूपाने डीव्हीडीवर आल्या. परंतु त्यांचे चित्र १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या रूपांतरावरून घेतले होते आणि रुंद पडद्याच्या संचासाठी ते अनुकूल नव्हते. म्हणजे स्वच्छ चित्र हवे तर बदललेला पाठ घ्यावा लागे आणि जुना पाठ हवा तर पुसट चित्र. तेव्हा काही रसिकांनी न बदललेली दृश्ये स्वच्छ आवृत्तीतून, बदललेली दृश्ये जुन्या आवृत्तीतून आणि ध्वनी जुन्या ध्वनिपट्ट्यांतून घेऊन संयुक्त प्रती सिद्ध केल्या. ‘मूळ परत आणणे’ ही त्यामागची प्रेरणा होती.

येथे पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न उभा राहतो. ध्वनीच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणजे कोणते? १९७७ मध्येच या चित्रपटाची तीन ध्वनिमिश्रणे होती : ७० मिलिमीटर प्रतींसाठीचे सहा पट्ट्यांचे, ३५ मिलिमीटर प्रतींसाठीचे स्टिरिओ आणि साध्या चित्रगृहांसाठीचे मोनो. ती एकसारखी नाहीत. यंत्रमानव सी-थ्रीपीओ शत्रूच्या आकर्षण-किरणाची माहिती सांगतो ते वाक्य मोनो मिश्रणात आहे, स्टिरिओ मिश्रणात नाही. तिन्ही मिश्रणे अधिकृत आणि तिन्ही त्याच वर्षीची आहेत. म्हणून संयुक्त प्रतीला ‘मूळ’ म्हणणे सैल आहे. ती तीन समकालीन पाठांपैकी एकाची निवड आहे, आणि ती निवड सांगितली गेली पाहिजे.

‘व्हर्टिगो’ : अधिकृत संयोग

संयोग केवळ हौशी मंडळीच करतात, असे मात्र नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ १९५८ मध्ये मोनो ध्वनीसह प्रदर्शित झाला. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी केलेले त्याचे पुनरुज्जीवन १९९६ मध्ये ७० मिलिमीटर प्रतींवर, बहुपट्टी डिजिटल ध्वनीसह प्रदर्शित झाले. बर्नार्ड हरमन यांच्या संगीताचे जुने ध्वनिमुद्रण उपलब्ध झाले. परंतु पावले, दारे, मोटारी यांचे आवाज स्वतंत्रपणे न मिळाल्याने ते नव्याने मुद्रित करण्यात आले. हिचकॉक यांच्या ध्वनिविषयक टिपणांचा त्यासाठी आधार घेतला गेला. तरीही हे नवे आवाज ठळक आणि परके वाटतात, अशी टीका झाली. पुढे काही आवृत्त्यांत १९५८ च्या मोनो ध्वनीचा पर्याय देण्यात आला.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे परिणाम गंभीर आहेत. या चित्रपटात नायक नायिकेचा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून पाठलाग करतो त्या दीर्घ प्रसंगांत संवाद जवळजवळ नाहीत. तेथे संगीत आणि पूरक आवाज यांचे परस्परप्रमाण हीच अर्थनिर्मितीची सामग्री आहे. १९९६ चा ध्वनी ऐकवून ‘हिचकॉकची ध्वनियोजना’ असे विश्लेषण केले, तर दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मुद्रित झालेल्या आवाजांचे श्रेय त्याला दिले जाते. नव्याने स्वच्छ केलेल्या चित्राला १९५८ चा मोनो ध्वनी जोडणे, हा अशा वेळी अधिक इतिहासनिष्ठ मार्ग ठरतो. म्हणजे संयोगाने पाठ दूषित होतो तसा तो शुद्धही होऊ शकतो. भेद पडतो तो हेतू आणि नोंद यांमुळे.

चिकित्सित आवृत्तीचा निकष

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. वि. स. सुखठणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीत छापलेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात आढळत नाही. त्या अर्थाने तीही संयुक्तच आहे. तरीही ती विद्वन्मान्य झाली, कारण स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेद दिलेले आहेत आणि कोणत्या हस्तलिखितातून काय घेतले याचा हिशेब वाचकासमोर आहे. संपादकाशी असहमत होण्याची साधने संपादकानेच पुरवलेली आहेत.

ही तुलना मर्यादेतच घेतली पाहिजे. महाभारताची आद्य प्रत उपलब्ध नाही. चित्रपटाच्या बाबतीत प्रदर्शनकालीन प्रती अनेकदा अस्तित्वात असतात आणि त्या पाहून पडताळा घेता येतो. त्यामुळे चित्रपटाच्या संयोजकाची जबाबदारी उलट वाढते. त्याला अनुमानाचा आश्रय घेण्याचे कारण कमी असते.

या निकषावर पाहता बहुतेक संयुक्त प्रती उणे ठरतात. त्यांत कौशल्य आहे, चिकाटी आहे. उणीव आहे ती पाठभेदांच्या नोंदीची. परंतु हा दोष अधिकृत आवृत्त्यांतही तितकाच आहे. ‘पुनरुज्जीवित’ असे वेष्टनावर छापलेले असते, पण कोणता आवाज कोणत्या वर्षीचा, याचा तपशील क्वचितच मिळतो.

कायदा आणि वर्ग

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संशोधनासह खाजगी वापरासाठी, तसेच समीक्षेसाठी केलेला उचित वापर उल्लंघन ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए मात्र प्रताधिकाराचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे दंडनीय ठरवते. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या हेतूसाठी केलेल्या कृतीला त्यात अपवाद आहे. यावरून अभ्यासासाठी तुलना करणे आणि संयुक्त प्रत वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. अध्यापकाला पहिलीची गरज आहे, दुसरीची नाही. पुष्कळदा संयुक्त प्रत तयार करण्याचीही गरज नसते. एकच प्रसंग दोन ध्वनिपट्ट्यांसह लागोपाठ ऐकवला, तरी विद्यार्थ्यांना पाठभेदाची जाणीव होते.

समारोप

चित्र आणि ध्वनी यांचा संयोग त्याज्य मानण्याचे कारण नाही. चित्रपट हा मुळातच दोन्हींच्या संयोगातून घडतो. मात्र संयुक्त प्रतीवर आधारलेल्या विवेचनात किमान चार गोष्टींची नोंद असावी : चित्र कोणत्या आवृत्तीचे, ध्वनी कोणत्या मिश्रणाचा, गतीत काय बदल केला आणि जोड कोठे आहेत. एकाच आवृत्तीवर विसंबणाऱ्या अभ्यासकालाही यांपैकी पहिल्या दोन नोंदी चुकत नाहीत, कारण ‘व्हर्टिगो’च्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे एकाच तबकडीवर दोन कालखंड नांदत असतात. कवितेवर लिहिताना कोणत्या संग्रहातील, कितव्या आवृत्तीतील पाठ घेतला हे सांगण्याचा दंडक मराठी समीक्षेने स्वीकारला आहे. चित्रपटाच्या समीक्षेनेही तो स्वीकारणे आवश्यक आहे.