पर्यायी केंद्राची कसोटी : नवी मुंबईतील वित्तीय विदाकेंद्रांच्या निमित्ताने

वित्तीय संस्थेचे विदाकेंद्र, म्हणजे व्यवहारात ज्यास डेटा सेंटर म्हणतात ते, विश्वसनीय आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानाचा नेमका अर्थ काय हे तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा दिसतो. परंतु गेल्या काही वर्षांतील घटनांचा क्रम पाहता तो मुख्यतः व्यवस्थापनाचा, किंबहुना निर्णयाच्या जबाबदारीचा आहे, असे दिसून येते. या विचारास नवी मुंबई हे योग्य क्षेत्र आहे. १९७० साली सिडकोच्या स्थापनेनंतर ठाण्याच्या खाडीपलीकडे वसलेल्या या नगरात बेलापूर येथे भारतीय स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे, खारघर येथे रिझर्व्ह बँकेचे विदाकेंद्र आहे, आणि एके काळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, महापे या भागांत अनेक खाजगी विदाकेंद्रे उभी राहिली आहेत.

या केंद्रांचे मूल्यमापन सामान्यतः अपटाइम इन्स्टिट्यूटच्या चार श्रेणींनुसार केले जाते. तिसऱ्या श्रेणीत, दुरुस्तीसाठी कोणताही एक भाग बंद ठेवला तरी काम चालू राहिले पाहिजे. चौथ्या श्रेणीत, एखादा भाग अकस्मात बिघडला तरीही चालू राहिले पाहिजे. या श्रेणींशी जोडले गेलेले उपलब्धतेचे आकडेही सर्वत्र उद्धृत होतात. चौथ्या श्रेणीचे ९९.९९५ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे २६ मिनिटांची बंदी होय. या वर्गीकरणाने विदाकेंद्राच्या बांधणीस शिस्त लावली, हे निःसंशय. तथापि ते मुख्यतः वास्तूची, वीजपुरवठ्याची व शीतकरणाची परीक्षा करते. त्या वास्तूत चालणारा व्यवहार, तेथे येणारे दूरसंचाराचे दुवे आणि संकटसमयी आज्ञा देणारी माणसे ही त्याच्या कक्षेत जवळजवळ येतच नाहीत. यंत्रसामग्रीची श्रेणी ही जणू संस्थेची श्रेणी मानली जाते, तेथे मूल्यमापनात दोष शिरतो.

दोन दिवसांची तुलना केल्यास हा दोष स्पष्ट होईल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण-वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. तरीही शेअर बाजारांचे व्यवहार नेहमीप्रमाणे चालू राहिले. यूपीएस व जनरेटर यांनी आपले काम चोख बजावले. याउलट २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नगरात वीज होती. परंतु राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. दोन स्वतंत्र सेवादात्यांचे दूरसंचार-दुवे बाधित झाले आणि साठवण-यंत्रणेच्या अनपेक्षित वर्तनामुळे जोखीम-नियंत्रणाची प्रणाली अनुपलब्ध झाली, असे बाजाराचे स्पष्टीकरण होते. दुवे तुटण्यामागे रस्त्यावरील खोदकाम असल्याचेही सांगण्यात आले. कंत्राटे दोन, सेवादाते दोन. परंतु खोदकाम कंत्राटे वाचून होत नसते. विशेष म्हणजे दूरस्थ पर्यायी केंद्र अस्तित्वात असूनही त्या दिवशी व्यवहार तेथे नेण्यात आले नाहीत. अभाव यंत्राचा नव्हता. ते वापरण्याच्या निर्णयाचा होता.

या घटनेनंतर सेबीने २२ मार्च २०२१ रोजी काढलेले परिपत्रक अभ्यासकांनी बारकाईने वाचण्याजोगे आहे. पूर्वीच्या नियमांत पुनःस्थापनेस चार तासांची मुभा होती. नव्या परिपत्रकाने असे ठरविले की, महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांच्या आत ती घटना ‘आपत्ती’ म्हणून घोषित करावी, आणि त्या घोषणेपासून ४५ मिनिटांच्या आत पर्यायी केंद्रातूनही कामकाज पूर्ववत करावे. २४ फेब्रुवारीस हा नियम लागू असता, तर त्याची मुदत दुपारी १२.५५ ला संपली असती. या परिपत्रकाचे खरे मर्म मिनिटांच्या कपातीत नाही. बिघाड समोर असताना ‘आणखी थोडे थांबू, मुख्य यंत्रणा सुरू होईलच’ असे वाटणे हा अनुभवी तंत्रज्ञांचाही स्वभाव आहे. परिपत्रकाने हा निर्णय आशेच्या हातून काढून घड्याळाच्या हाती दिला. मुख्य केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या साहाय्यावाचून काम चालवू शकेल असा प्रशिक्षित वर्ग पर्यायी केंद्रात असावा, हे कलमही तितकेच मोलाचे आहे.

अंतराचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंपक्षेत्रात असावे, ते शक्य नसल्यास किमान ५०० किलोमीटर दूर असावे, अशी अपेक्षा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून ५०० किलोमीटरवरील केंद्राची पोच मिळण्यास किमान पाच सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्येक व्यवहारास एवढा विलंब बाजाराला परवडत नाही. आणि पोचेची वाट न पाहिल्यास अखेरच्या क्षणांची नोंद गमावण्याचा धोका राहतो. यावर उपाय म्हणून नोंद राखणारे एक निकटचे केंद्र व काम चालविणारे एक दूरचे केंद्र अशी त्रिस्थळी रचना पुढे आली. नवी मुंबईचे स्थान या रचनेतच ठरते. मुंबईतील संस्थेस ती निकटचे केंद्र म्हणून उत्तम आहे; परंतु तिला अंतिम आश्रय मानणे चुकीचे होय. खाडी मध्ये असली तरी किनारा एक, पर्जन्य एक, आणि १२ ऑक्टोबरने दाखविल्याप्रमाणे वीजजालही एकच.

परिपत्रकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. २ मार्च व १८ मे २०२४ या शनिवारी बाजारांनी विशेष सत्रे घेऊन प्रत्यक्ष व्यवहार पर्यायी केंद्रात नेऊन दाखविले. हे स्तुत्य आहे. परंतु तिथी जाहीर करून घेतलेली परीक्षा ही पूर्ण परीक्षा नव्हे. दुसरे असे की, हे परिपत्रक बाजाराच्या पायाभूत संस्थांपुरते आहे. बँकांचे क्षेत्र रिझर्व्ह बँकेचे. २१ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्य विदाकेंद्रातील वीज गेल्याने एचडीएफसी बँकेच्या सेवा खंडित झाल्या, तेव्हा २ डिसेंबरच्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने तिचे नवे डिजिटल उपक्रम व नवी क्रेडिट कार्डे तात्पुरती थांबविली, आणि संचालक मंडळाने त्रुटी तपासून जबाबदारी निश्चित करावी असे सांगितले. सारी बंधने उठण्यास मार्च २०२२ उजाडला. येथेही रोख यंत्राकडे नसून संचालकांकडे आहे, हे लक्षणीय होय.

तथापि मोठ्या बँकेला दंडाचा धाक पुरतो. लहान बँकेचे काय? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादात्या कंपनीवर खंडणीखोर संगणकीय हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले. या बँकांत सहकारी व ग्रामीण बँकांचा भरणा होता. त्यांच्या दृष्टीने विदाकेंद्र हे परक्या घरातील कपाट आहे. त्याची किल्ली त्यांच्याकडे नाही आणि आपत्ती घोषित करण्याचा अधिकारही नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक निकडीचा आहे.

सारांश, वित्तीय विदाकेंद्राच्या विश्वसनीयतेची चिकित्सा करताना तीन प्रश्न विचारावयास हवेत : मुख्य व पर्यायी केंद्रांना एकत्र बाधेल असे कोणते कारण शिल्लक आहे, पर्यायी केंद्रातून अखेरचे प्रत्यक्ष कामकाज केव्हा झाले, आणि आपत्ती घोषित करण्याचा अधिकार मध्यरात्री नेमका कोणाचा आहे. ज्या संस्थेपाशी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही, तिच्या केंद्रास कोणतीही श्रेणी मिळालेली असो, ठेवीदाराच्या दृष्टीने तिचे पर्यायी केंद्र नसल्यातच जमा आहे.