डोंगरधार आणि सोबत

मराठींत दुर्गवर्णनांचा तोटा नाहीं. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’सारखे ग्रंथ आपणांस लाभले, आणि त्यांच्या मागून लिहिणारे पुष्कळ झाले. गडाचे दरवाजे, टाकीं, बुरूज यांची माहिती आतां घरबसल्या मिळते. आमची तक्रार निराळी आहे. गड लिहिला जातो. एका गडावरून दुसऱ्या गडास नेणारी डोंगराची धार मात्र अलिखित राहते, आणि त्या धारेवर बरोबर चाललेले मित्र शेवटच्या आभारापुरते उरतात.

राजगड-तोरण्याची वाटच घ्या. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यांतून उतरावें, धारेनें चालत राहावें आणि तोरण्याच्या बुधला माचीवर चढावें, यांत हिवाळ्याचा बहुतेक दिवस जातो. पहाटे खोरीं धुक्यानें भरलेलीं असतात; दुपारीं वाळल्या गवतावरून पाय सरकतो. वाट ठिकठिकाणीं अशी अरुंद, कीं दोघांस शेजारीं चालतां येत नाहीं. गप्पा आपोआप थांबतात. पुढच्याचा पाय कोठें पडला, मागच्यास धाप किती लागली, इकडेच लक्ष राहतें. पाणी सर्वांत थकलेल्याच्या हिशेबानें उरवावें लागतें. ही सोबत संभाषणाची नव्हे, चालीची आहे. आणि नेमकी तीच आमच्या लेखकांच्या हातून निसटते.

इंग्रजी निबंधकारांचा येथें फारसा उपयोग नाहीं. हॅझलिटनें 1822 सालीं एकट्यानेंच प्रवास करण्याचा पुरस्कार केला. स्टीव्हन्सननें 1876 सालीं त्याचीच री ओढली. सोबत्याशीं बोलावें लागतें, त्याच्या चालीनें चालावें लागतें, ही त्यांची अडचण. सपाट रस्त्यावर ती खरीही असेल. धारेवर मात्र दुसऱ्याच्या चालीनें चालणें हाच धर्म होतो. व्हिंपरच्या 1871 च्या ग्रंथांत हें प्रत्ययास येतें. मॅटरहॉर्नवर 1865 त सातजण पोंचले आणि उतरतांना चौघे कोसळून मेले. त्या ग्रंथाचें बळ शिखरांत नसून त्या उतरणींत आहे.

आमच्याकडे राजमाचीवर घडणारी ‘माचीवरला बुधा’ ही दांडेकरांचीच कादंबरी श्रेष्ठ खरी. पण ती एकांताची कथा आहे. सोबतीची कथा अद्याप व्हावयाची आहे.

सोलापुरांत नव्या पेठेंत बसून सह्याद्रि दूर वाटतो. पंढरपूर मात्र आमच्या जिल्ह्यांतच आहे. दुसऱ्याच्या पावलाशीं पाऊल जुळवणें मराठी माणसास कोणीं शिकवावयास नको. दिंड्या शतकानुशतकें तेंच करीत आल्या आहेत. मग हा अनुभव डोंगरावर चढतांच लेखणींतून नाहींसा कां व्हावा? पुढच्या दुर्गलेखकानें उंचीचे आंकडे थोडे कमी द्यावे, आणि दमलेल्या मित्रासाठीं सारे कोठें व किती वेळ थांबले, तें सांगावें. गडाची चढण वाचकास त्यावरूनच कळेल.