पवनीच्या दरवाजातली सावली

मागच्या रांगेत पडदा दिसतोय ना? बरं.

पहिला फोटो बघा. आपल्या भंडारा जिल्ह्यातला, पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा. वर आकाश गडद निळं, ढग वादळ आल्यासारखे फुगलेले. दगडाचा कण न् कण दिसतोय आणि कमानीखालीसुद्धा लख्ख उजेड! फोटो कोणाचा ते सांगत नाही. माझं भांडण माणसाशी नाही. पद्धतीशीही नाही, ती कुठे थांबवायची, एवढ्यापुरतं आहे.

पद्धत सोपी आहे. भर दुपारी दरवाजासमोर कॅमेरा लावला, की आकाश धरावं तर कमान काळीठिक्कर, कमान धरावी तर आकाश पांढरंफट्ट. म्हणून ट्रायपॉडवरून तीन फोटो घ्यायचे: एक दोन स्टॉप कमी, एक मधला, एक दोन स्टॉप जास्त. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. म्हणजे पहिल्या-तिसऱ्यात १६ पटींचा फरक. मग तिन्ही एकत्र करायचे. हे काही आजचं खूळ नव्हे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच समुद्राच्या काही फोटोंसाठी आकाश एका निगेटिव्हवरून आणि पाणी दुसऱ्या निगेटिव्हवरून घेतलं होतं. आज तर तुमच्या खिशातला फोनही न विचारता असं करतो.

मग यात खोटं काय? जोडणं खोटं नाही. उन्हातून आपण दरवाजात शिरतो, तेव्हा आधी काहीच दिसत नाही. हळूहळू डोळे सरावतात आणि आतले दगड दिसू लागतात. म्हणजे डोळाही जोडतोच की. पण तो एकामागून एक बघतो. ऊन, मग अंधार, मग पलीकडचा उजेड, हाच तर दरवाजाचा अनुभव! पहिल्या फोटोत हे सगळं एका पातळीवर आणलंय. सावली गेली आणि तिच्याबरोबर भिंतीची जाडीही गेली. किल्ल्याचा दरवाजा नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतोय.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्लायडर शेवटपर्यंत ओढला, की ओल, शेवाळ, चुना, जुना दगड, नवी डागडुजी सगळं सारखंच खरखरीत दिसतं. उद्या कोणाला विचारायचं असेल की ही भेग दहा वर्षांत किती वाढली, तर या फोटोचा उपयोग शून्य.

आणि पवनीचं मोठेपण थरांत आहे हो! तीन बाजूंना तट-खंदक, चौथीकडे वैनगंगा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तिथे बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. पण टेकडीला ना कमान, ना बुरूज. असले भडक फोटो काढणारा तिथे थांबतच नाही. म्हणजे पद्धतच ठरवायला लागली, काय बघण्यासारखं आहे ते.

कोणी म्हणेल, ‘सर, निदान लोक तर येतील!’ मुद्दा खरा आहे. तुमसरजवळच्या आंबागडाला तरी आपल्यापैकी कितीजण गेलेत? पण हा फोटो बघून आलेला माणूस दरवाजासमोर उभा राहून ‘एवढंच?’ म्हणाला, तर तो पुन्हा येणार नाही, आणि दोष दरवाजाला देईल.

आता दुसरा फोटो. तसेच तीन एक्स्पोजर, पण जोडलेत हाताने. आकाश कमी उजेडाच्या फोटोतलं, भिंत मधल्यातली. कमानीखाली तिसऱ्यातला थोडासाच भाग, पायाखालची फरसबंदी कळेल इतका. कोपरा काळाच ठेवलाय. याला लाइक कमी पडतील. पण भिंत किती जाड आहे, ते इथे कळतं.

म्हणून एकच विनंती. हवं तेवढं जोडा, पण मूळचे तिन्ही फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी पवनीला गेलात, की कॅमेरा काढण्याआधी कमानीखाली दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावू द्या. किती सावली ठेवायची, ते तिथेच कळेल.

आता प्रश्न घेऊ.