यादीबाहेरचा ‘मेंढपाळ’

बायबलबाहेर राहिलेले सगळे ग्रंथ चर्चने दडपले, हा समज ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथापुढे टिकत नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेला हा ग्रंथ चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात नव्या करारासोबत आहे. इ.स. ३६७ मध्ये अथनासियसने नव्या कराराची २७ पुस्तके ठरवली. त्यांत हा नाही. तरी नवशिक्यांनी तो वाचावा, असे त्यानेच सांगितले. मुराटोरी यादीचा आक्षेप ग्रंथ अलीकडचा असल्याचा: वाचावा, पण उपासनेत जाहीरपणे नको. निकष काळाचा होता, साहित्यगुणांचा नव्हे. नुकसान मात्र साहित्याचे झाले. गुलाम म्हणून विकला गेलेला निवेदक आणि त्याच्या दृष्टांतांत म्हातारीची तरुण होत जाणारी चर्चरूपी स्त्री आज अभ्यासकांपुरतीच उरली आहेत.